नोकरी सोडून फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन: दर, हंगाम, वसुली आणि राजीनाम्याची वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या जाहिरात एजन्सीत चार वर्षं ग्राफिक डिझायनर, हातात महिना ४५,००० रुपये. पतसंस्थांचे अहवाल, दुकानांचे लोगो, पॅकेजिंग, सोशल मीडिया असं सगळं काम येतं आणि आता स्वतंत्रपणे करायचं आहे. दर काय ठेवावा, गाठीला किती पैसे असावेत, आणि ‘एका महिन्यात भरपूर, पुढच्या महिन्यात ठणठणाट’ असं सगळे सांगतात त्यावर काही इलाज आहे का?

इलाज आहे, पण बहुतेक जण तो नको तिथे शोधतात. पहिली एक-दोन वर्षं फ्रीलान्सरला वाटत राहतं की काम कमी पडतंय. मग तो दर उतरवतो आणि मिळेल ते ओढून घेतो. बिलाच्या तारखा आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढल्या तर वेगळंच दिसतं. काम झालेलं असतं, पैसे तीन महिन्यांनी आलेले असतात.

पतसंस्थेचा अहवाल घ्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मजकूर यायला लागतो, ऑगस्टअखेर फाइल छपाईला जाते. तुम्ही बिल देता. मॅनेजर म्हणतात, ‘सभा होऊन जाऊ द्या.’ सभा झाली की बिल संचालक मंडळाच्या मासिक बैठकीत मंजुरीला जातं आणि चेक निघतो ऑक्टोबरच्या मध्यावर. यात कोणी फसवलेलं नाही, संस्थेचा कारभार असाच चालतो. पण मधल्या तीन महिन्यांचं घरभाडं तुम्हाला कुठून तरी भरायचंच असतं. म्हणून दर, ॲडव्हान्स, करार आणि शिल्लक या सगळ्याचा विचार या एका गोष्टीभोवती करायचा.

आधी हंगाम समजून घ्या, कारण आपल्याकडे या धंद्याला शेतीइतकाच ठरलेला हंगाम आहे. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर अहवालांची झुंबड. त्यातच गणपती: मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, कमानीचे फ्लेक्स, प्रायोजकांचे बोर्ड. पितृपक्षात नवं दुकान, नवा लोगो, नवं पॅकेजिंग कोणी काढत नाही. तो पंधरवडा चौकशी जवळपास थांबते आणि दसऱ्याला हवं असलेलं सगळं लोकांना घटस्थापनेला आठवतं. दिवाळी अंकांची मांडणी आणि त्यांतल्या जाहिराती ऑगस्टपासून, कॅलेंडरं-डायऱ्या ऑक्टोबर ते डिसेंबर, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांना उरलेलं बजेट संपवायचं असतं, ब्रोशर तेव्हा निघतात. पण त्याचे पैसे एप्रिलमध्ये अडकतात, कारण अकाउंट्सवाले वर्षअखेरच्या हिशेबात बुडालेले असतात. मेअखेर ते जूनचा मध्य बहुधा कोरडा. त्यात अधिक महिना आला की पत्रिकाही थांबतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. पत्रिकांवर भिस्त असेल त्याने वर्षाचं बजेट मांडताना पंचांग उघडावं, यात थट्टा नाही.

कोरड्या महिन्यांना आधार म्हणून मासिक ठरावीक रकमेची दोन कामं तरी हवीत. सोशल मीडियाचं काम कलात्मकदृष्ट्या कंटाळवाणं असलं तरी त्यासाठी उत्तम. मात्र ‘महिन्याला पोस्ट करून द्या’ एवढ्यावर हो म्हणू नका. महिन्याला १२ पोस्ट, प्रत्येकीचे दोन आकार, रील वेगळी, मजकूर आणि फोटो ग्राहकाने आदल्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत द्यायचे, न वापरलेल्या पोस्ट पुढच्या एकाच महिन्यापर्यंत चालतील, आणि रक्कम महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ. शेवटची अट सोडली तर या कामाचा मूळ फायदाच जातो.

आता दर. ४५,००० पगार, महिन्याला २६ दिवस आठ तास धरले तर तासाला साधारण २१६ रुपये पडतात. नवखे लोक यावर थोडं चढवून २५० सांगतात आणि इथेच गाडी घसरते. पगारात सुट्टीचे, आजारपणाचे, चहाचे आणि नुसत्या मीटिंगचे तासही मोजलेले असतात. शिवाय कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, वीज, पीएफमधला मालकाचा वाटा आणि गट आरोग्य विमा कंपनीच्या खिशातून जातो. स्वतंत्र काम करताना दिवसात बिल लावता येतील असे तास चारच्या आसपास निघतात. बाकीचा दिवस फोन, कोटेशन, फाइल पाठवणं, प्रेसवर चकरा आणि वसुली यात जातो. सणवार, आजारपण आणि सुट्टी मिळून सहा आठवडे वजा करा: ४६ आठवडे, सहा दिवस, चार तास, म्हणजे वर्षाला ११०४ तास. आत्ताचं उत्पन्न वर्षाला ५,४०,००० आणि वर सांगितलेल्या खर्चांचे अंदाजे १,६०,००० धरले तर ७ लाख. भागिले ११००, म्हणजे तासाला ६३५ ते ६५०. हा नफा नव्हे, आजच्या पगाराइतकंच हातात पडायला लागणारा आकडा आहे.

हा तासाचा दर ग्राहकाला सांगायचा नाही. ग्राहकाला कामाची एकगठ्ठा किंमत कळते. तासाचा दर तुमच्या वहीत. तो कसा वापरायचा हे एका अहवालावर पाहू.

६४ पानांचा ए-फोर अहवाल. मुखपृष्ठ, मास्टर पानं (सगळ्या पानांचा समान साचा) आणि स्टाइल बसवायला ८ तास. मजकुराची ४० पानं, पंधरा मिनिटांना एक, असे १० तास. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, अंदाजपत्रक आणि परिशिष्टांची तक्त्यांची पानं वीस, प्रत्येकी ४० मिनिटं, साधारण १३ तास. आलेला मजकूर फॉन्ट बदलून साफ करायला ६ तास. दोन प्रुफांना ८ तास. एकूण ४५ तास, म्हणजे ६५० च्या दराने २९,००० च्या पुढे. बाजारात २५० रुपये पान असा दर ऐकून तुम्ही १६,००० सांगितले, तर तासाला ३५५ पडले. त्यात तिसरं-चौथं करेक्शन आणि शेवटच्या दिवशीचे बदल मिळून आणखी १५ तास गेले की २६७. म्हणजे पगाराच्या जवळपास, आणि वर कुठलीच सवलत नाही.

हे १५ तास कुठे जातात हेही ठरलेलं आहे. सर्वांत जास्त वेळ खातं ते संचालकांच्या फोटोंचं पान. अध्यक्षांचा फोटो किती मोठा, उपाध्यक्ष कुठल्या बाजूला, तज्ज्ञ संचालक आधी की महिला प्रतिनिधी, कोणाच्या नावापुढे ‘ॲड.’ राहिलं. म्हणून पहिल्याच दिवशी नावं, हुद्दे आणि फोटोंचा क्रम मॅनेजरच्या सहीने कागदावर घ्या आणि ते पान सगळ्यांत आधी मंजूर करून टाका. दुसरा वेळखाऊ प्रकार म्हणजे फॉन्ट. मजकूर निम्मा श्री-लिपीत (जुन्या पद्धतीचे फॉन्ट), निम्मा युनिकोडमध्ये, ऑडिटरचा तक्ता एक्सेलमध्ये आणि श्रद्धांजलीची नावं व्हॉट्सॲपवर फोटो काढून. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि काही जोडाक्षरं हमखास बिघडतात. ‘कर्ज’ आणि ‘सर्वसाधारण’ हे दोन शब्द शोधून पाहिले की कन्व्हर्जन कितपत नीट झालंय ते लगेच कळतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू नसेल तर देवनागरी युनिकोड तुटकं दिसतं. कोरलड्रॉ वापरणाऱ्या फ्लेक्स प्रिंटरला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतीत, बदलूनच द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर वेलांट्या दुसरीकडेच बसतील.

तिसरी गोष्ट पानांची संख्या. ६४ पानं म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्म (एकत्र छापले जाणारे गठ्ठे), हिशेब सरळ. शेवटच्या दिवशी दोन पानं वाढली की प्रेसला चार पानांचा तुकडा वेगळा छापावा लागतो आणि तो खर्च कोणाचा यावरून वाद होतो. कोटेशनमध्येच लिहा: ६४ पानांपर्यंत एवढे, पुढे दर चार पानांना एवढे.

मग २९,००० सांगायचे का? लहान संस्था पहिल्याच वर्षी देणार नाही. २२,००० ला घ्यायला हरकत नाही, कारण तीच संस्था पुढच्या वर्षी आली तर साचा तयार असतो, तक्त्यांची रचना तीच असते आणि काम ३० तासांच्या आत येतं. या धंद्यात तासाचा दर खरा वाढतो तो परत येणाऱ्या ग्राहकामुळे. एकदाच लोगो करून घेऊन जाणाऱ्याला मात्र सूट देण्याचं काही कारण नाही. ‘हे काम कमीत करा, पुढे भरपूर देतो’ म्हणणारा पुढचं काम बहुधा याहून स्वस्त माणसाकडे नेतो.

दोन करेक्शन दरात, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे पैसे, आणि सगळ्या दुरुस्त्या एकाच माणसाकडून एकत्र, हे प्रत्येक कोटेशनवर असू द्या. ‘एकाच माणसाकडून’ हे सर्वांत महत्त्वाचं. चार संचालकांनी चार प्रुफांवर परस्परविरोधी खुणा केल्या की त्यांच्यात समेट घडवणं तुमच्या गळ्यात पडतं.

पैशांचे टप्पे ५०-३०-२० ठेवा: निम्मे सुरुवातीला, तीस टक्के पहिला आराखडा मंजूर झाल्यावर, वीस टक्के छपाईची फाइल हातात देण्याआधी. तोपर्यंत ग्राहकाला दाखवायची पीडीएफ कमी रेझोल्यूशनची आणि वर आडवा शिक्का असलेली. खुली फाइल, म्हणजे पुढे बदल करता येतील अशी सीडीआर किंवा एआय, दरात धरलेली नाही हे आधीच लिहा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा, पण स्वतंत्र माणसाने केलेल्या डिझाइनचा हक्क साधारणपणे करणाऱ्याचाच असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून बिलावर एक ओळ पुरते: पूर्ण रक्कम मिळाल्यावर अंतिम डिझाइनचे हक्क कायमस्वरूपी ग्राहकाकडे. पैसे थकले तर ही ओळ भांडणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोठ्या कंपन्या ॲडव्हान्स देत नाहीत. तिथे मागायची ती पर्चेस ऑर्डर (पीओ), म्हणजे कामाची लेखी ऑर्डर. मार्केटिंगच्या माणसाने फोनवर ‘सुरू करा’ म्हटलं म्हणून काम करायचं आणि नंतर बिलावर पीओ नंबर नाही म्हणून ते अकाउंट्समध्ये पडून राहायचं, हे सर्रास घडतं. व्हेंडर रजिस्ट्रेशनचे कागद (पॅन, रद्द केलेला चेक, लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद झाल्याचं उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी नसल्याचं पत्र) एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, आणि महिन्यात कुठल्या तारखेपर्यंत बिल घेतात ते पहिल्याच भेटीत विचारा. एक दिवस चुकला की बिल एक महिना मागे.

उद्यम नोंदणी पहिलं काम घेण्याआधीच करून टाका. ती सरकारी पोर्टलवर आधार-पॅनने फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइट एजंटांच्या असतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदत उलटून ३१ मार्चला थकीत असलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. व्याजापेक्षा या तरतुदीचाच वचक जास्त. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण तिला वेळ लागतो आणि तो ग्राहक कायमचा जातो. पंधरा-वीस हजारांसाठी तो शेवटचा उपाय. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापणं आणि काम पोचवल्याची तारीख ईमेलवर ठेवणं, एवढ्यानेच बरीच बिलं हलतात. दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, त्यामुळे नुसतं व्हॉट्सॲपवर फाइल टाकून गप्प बसू नका.

टीडीएसमुळेही, म्हणजे बिलातूनच आधी कापल्या जाणाऱ्या आयकरामुळेही, पैसे लांबतात. एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० च्या वर व्यावसायिक फी झाली (ही मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत ३०,००० होती) की कंपनी दहा टक्के कापते. ४०,००० च्या बिलावर हातात ३६,००० येतात. ७ लाखांच्या आसपास उत्पन्न असेल तर आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे कापलेली सगळी रक्कम परत मिळते. पण मिळते ती पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर. एप्रिलमधल्या बिलाचे चार हजार वर्षाहून जास्त काळ सरकारकडे पडून असतात. बँकेच्या व्याजासाठी देतात तसा ‘कर कापू नका’ म्हणून सांगणारा फॉर्म इथे चालत नाही. त्यामुळे महिन्याचं बजेट कापून आलेल्या रकमेवर मांडा, आणि दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावरच्या टीडीएसचं विवरण उघडून कापलेलं खरंच भरलंय का ते बघा. न भरणारे ग्राहकही भेटतात.

जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही आणि परराज्यातल्या ग्राहकासाठीही तीच मर्यादा आहे. नंबर नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा. एखाद्या कंपनीच्या हट्टापायी स्वेच्छेने नंबर घ्यायची घाई करू नका, कारण मग काम असो-नसो रिटर्न भरत बसावं लागतं. व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी मात्र विसरली जाते; महाराष्ट्रात हा कर वर्षाला २,५०० रुपये. आयकरात निम्मं उत्पन्न नफा धरण्याची जी सोय इंटरनेटवर सगळे सरसकट सांगतात, ती ठरावीक व्यवसायांसाठी आहे. त्या यादीत इंटिरिअर, आर्किटेक्चर, माहिती तंत्रज्ञान आहे, ग्राफिक डिझाइन नावाने नाही. सीएला विचारल्याशिवाय ती वापरू नका.

छपाई अंगावर घ्यायची का? पहिल्या वर्षी नको. २२,००० च्या डिझाइनवर ८०,००० ची छपाई घेतली तर दहा टक्के मार्जिन मिळतं खरं, पण प्रेसवाला रोख मागतो आणि संस्था ऑक्टोबरात देते. त्या ८०,००० ना तुम्ही बिनव्याजी सावकार होता. शिवाय ताळेबंदात एक शून्य चुकलं तर फेरछपाई कोणाच्या माथी? ग्राहकाची आणि प्रेसची थेट गाठ घालून द्या. छपाईआधी अंतिम पीडीएफवर ‘तपासले, छपाईस मंजूर’ असं लेखी उत्तर घ्या. नुसता अंगठ्याचा इमोजी पुरावा म्हणून कच्चा.

काम मिळवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुरुवातीचं बहुतेक काम ओळखीतून येतं: जुनी एजन्सी, प्रेसवाले, सीए. प्रेसवाल्याशी संबंध ठेवा, त्याच्याकडे रोज डिझाइनशिवाय आलेला ग्राहक असतो. फायव्हरसारख्या परदेशी साइटवर कमाईतले २० टक्के कापले जातात. तिथे मराठीतल्या कामाची मागणीही तुरळक. एजन्सीचे ग्राहक फोडू नका. ते नोकरीच्या करारात बसतं की नाही हा एक भाग, पण एजन्सीलाच जादा काम बाहेर द्यायचं असतं आणि ते पहिलं तुमच्याकडे यावं हे जास्त फायद्याचं. तिथे केलेली कामं पोर्टफोलिओत टाकायची तर लेखी परवानगी घ्या, हक्क त्यांचा आहे.

आता राजीनामा. पगाराची स्लिप हातात असताना क्रेडिट कार्ड आणि काही कर्ज घ्यायचं असेल तर उरका; नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. आरोग्य विमा गट विमा चालू असतानाच वैयक्तिक घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पीएफ काढू नका: तुमची चार वर्षंच झालीत आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो.

घरखर्च महिना ३०,००० असेल तर सहा महिन्यांचे १,८०,००० आणि विम्याचा वर्षाचा हप्ता वेगळ्या खात्यात हवा. यापेक्षा कमी शिल्लक असेल तर सोडू नका, कारण पैशाची निकड असलेल्या माणसाला ॲडव्हान्स मागता येत नाही. सगळी कमाई याच खात्यात येऊ द्या आणि दर महिन्याच्या ५ तारखेला त्यातून घरखात्यात ठरावीक ३०,०००च वळवा, सप्टेंबरात दीड लाख जमा झाले तरी.

दोन महिन्यांचा नोटीस पिरियड असेल तर एप्रिलअखेर राजीनामा द्या, म्हणजे जूनअखेर मोकळे व्हाल. मे-जूनमध्ये पतसंस्थांना जुलैच्या कामाची कोटेशनं द्या, तोवर त्यांचं ऑडिट चालू असतं आणि अहवालाचा विचार सुरू झालेला असतो. तीन अहवाल प्रत्येकी २२,००० ने मिळाले आणि निम्मा ॲडव्हान्स आला, तर जुलैत ३३,००० हातात असतील. शिल्लक रकमेला ऑगस्टपर्यंत हात लागणार नाही. तिन्ही ठिकाणी ‘ॲडव्हान्सची पद्धत नाही’ असं उत्तर आलं, तर सप्टेंबरअखेरपर्यंतचे तीन महिने पूर्ण शिल्लकीवर काढावे लागतील, म्हणजे १,८०,००० तले ९०,००० गेले. तेही झेपतं. मात्र चौथा अहवाल विना-ॲडव्हान्स घेऊ नका. ते दिवस दसऱ्याच्या पॅकेजिंगसाठी राखून ठेवा, दुकानदार निदान रोख देतो.